“गुरुजी, दुखतंय”



शाळेंतल्या मुलाला ठेच लागली तर रक्त दिसतें. ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. खरूज, गोवर, आलेले डोळे, हें सारें आपल्याला दुरून दिसतें. पण एखादें मूल सकाळीं उठून “गुरुजी, दुखतंय” म्हणतें, आणि कुठें सूज नाहीं, जखम नाहीं, ताप नाहीं, तेव्हां आपण काय करतों? खरें सांगा. मी काय करीत असें तें आधीं सांगतों, म्हणजे तुम्हांला बोलणें सोपें जाईल.

सातपुड्याच्या पायथ्याशीं एका निवासी शाळेंत मी शिक्षक होतों. शाळेचें नांव घेत नाहीं, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. पांचवीच्या वर्गांत डोंगरावरचा, पावरा समाजाचा एक मुलगा होता. अंगानें किरकोळ, डोळे जरा पिवळसर, गणितांत हुशार. थंडी पडली कीं त्याचें रडगाणें सुरू होई. पाय दुखतात, हात दुखतात. दोन दिवस दुखे, मग आठ-दहा दिवस कांहीं नाहीं. शनिवारीं कवायतीला दुखे आणि रविवारीं तोच मुलगा चेंडूमागें धांवतांना दिसे. मी मनाशीं म्हणालों, हा काम चुकवतो. पौषांतल्या एका सकाळीं मीं त्याला गार पाण्यानें आंघोळ करायला लावली, म्हणजे आळस जाईल. आणि मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या.

त्या रात्रीं तो कण्हत होता. आमच्या शाळेंतल्या कामाठी मावशीनें चुलीवर वाळू तापवली, फडक्यांत बांधली, आणि त्याच्या मांड्या शेकत ती पहांटेपर्यंत बसून राहिली. सकाळीं जीपगाडी मिळाली. दवाखान्यांत रक्त तपासलें. डॉक्टर तरुण होते, पण बोलले स्पष्ट. म्हणाले, “गुरुजी, गार पाणी, दमछाक आणि तहानलेलं अंग. हें दुखणं उठवायला जें जें लागतं तें सगळं तुम्ही एका सकाळीं केलंत.”

मुलगा आठवड्यानें हिंडूं-फिरूं लागला. बाप न्यायला आला तेव्हां मीं त्याला म्हटलें, “पूर्ण बरा झाला कीं मगच आणा.” मला वाटलें, मी काळजीनें बोललों. त्यानें ऐकलें तें असें कीं, आणूं नका. कारण हा आजार पूर्ण बरा होण्यांतला नाहीं, हें डॉक्टरांनीं त्याला सांगितलेलें होतें. मुलगा परत आला नाहीं. पुढच्या जूनमध्यें हजेरीपटावरचें त्याचें नांव कमी झालें.

त्या आजाराचें नांव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तांत तांबड्या पेशी असतात. वाटोळ्या, मऊ, दाबल्या तर दबणाऱ्या. केसाहून बारीक नळ्यांतून त्या अंग चोरून निघून जातात. या आजारांत पेशींमधलें तांबडें द्रव्य, ज्याला हिमोग्लोबिन म्हणतात, तें जन्मापासूनच जरा निराळें असतें. त्यानें प्राणवायु सोडला कीं तें आंतल्या आंत काड्यांसारखें जुळतें, आणि पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वांकते. लोणखेडा-शहाद्याकडच्या शेतकऱ्याला पुढचें समजावणें सोपें आहे. उसाच्या पाटांत पाचट अडकलें तर काय होतें? पाणी तुंबतें आणि पुढचे वाफे वाळूं लागतात. इथें तसेंच. वांकलेल्या पेशी बारीक नळींत अडकतात, पुढच्या हाडाला रक्त पोंचत नाहीं, आणि तें हाड कळवळतें. पाट मोकळा झाला कीं कळ थांबते. म्हणून तो मुलगा रविवारीं धांवत होता.

साधी तांबडी पेशी सुमारें 120 दिवस टिकते. ही 10 ते 20 दिवसांत मोडते. त्यामुळें रक्त कमी पडतें आणि डोळे पिवळे दिसतात. तेवढ्यावरून अशा मुलाला वेगळें ताट-वाटी देऊं नका. हा आजार शिवण्यानें, शेजारीं निजण्यानें, एका ताटांत जेवण्यानें लागत नाहीं.

1910 सालीं शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनीं या पेशींचें वर्णन पहिल्यांदा छापलें. आपल्या देशांत 1952 सालीं नीलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्यें तो आढळला. पुढें महाराष्ट्रांतहि सांपडला. पूर्व विदर्भ, गडचिरोली, मेळघाट आणि आपला सातपुडा. भिल्ल, पावरा, गोंड, कोरकू अशा समाजांत तो अधिक आहे. याचें कारण कोणाचें पाप नाहीं, कोणाची करणी नाहीं, खाण्यापिण्यांतला दोष नाहीं. कारण हिवताप. ज्याला आई किंवा बाप यांपैकीं एकाकडूनच हा गुण आला, त्याला हिवतापानें मरण्याचें भय कमी असतें. म्हणून हिवतापाच्या रानांत पिढ्यान् पिढ्या हा गुण टिकून राहिला. अशा माणसाला वाहक म्हणतात आणि त्याला सहसा कांहीं त्रास नसतो. दोन्ही बाजूंनीं आला तर मात्र आजार. नवरा-बायको दोघेहि वाहक असतील तर दर बाळंतपणाला आजारी मूल होण्याचा संभव चारांत एक. एकट्या आईला बोल लावणारांनीं हा हिशेब लक्षांत ठेवावा.

आतां शाळेकडे येतों. डॉक्टरला हें मूल महिन्यांतून एकदां दिसतें. दुखणें उठतें तें रात्रीं दोन वाजतां, वसतिगृहाच्या फरशीवर. तिथें डॉक्टर नसतो. तिथें असतात अधीक्षक, अधीक्षिका, कामाठी, पहांटे उठणारा स्वयंपाकी, आणि शेजारच्या गादीवरचा दुसरा मुलगा. शिकवायचें तर आधीं यांना शिकवलें पाहिजे. आपल्याकडे प्रशिक्षण म्हटलें कीं मुख्याध्यापकांना बोलावतात, त्यांना फाईल देतात, आणि ती फाईल कपाटांत जाते.

म्हणून गेल्या थंडींत आम्ही कांहीं जण लोणखेड्याला एक दिवस बसलों. लोणखेडा शहाद्याला लागून आहे. धडगांव-तोरणमाळकडून उतरणाऱ्यांना शहाद्याचा बाजार ओळखीचा, म्हणून तें गांव धरलें. शिक्षक होते, अधीक्षक होते, स्वयंपाकघरांतल्या चार बाया होत्या. हार-तुरे नव्हते. बरें झालें, त्यांत निम्मा दिवस जातो.

पहिलाच प्रश्न एका अधीक्षकानें विचारला. “गुरुजी, एकाला दुखतंय म्हणून निजूं दिलं, कीं उद्यां दहा जणांचं पोट दुखतं. त्याचं काय?” सगळे हंसले. मी पण हंसलों, कारण तें खोटें नाहीं. नाटक करणारीं मुलें असतात. आपणहि केलेलीं आहेत. पण हिशेब मांडा. नाटक्यावर विश्वास ठेवला तर एक कवायत बुडते. खऱ्यावर अविश्वास ठेवला तर काय होतें, तें तुम्ही आतां ऐकलेंतच.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता, आणि त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. “दुखत असतां तो हंसतो कसा? मोबाईल हातांत दिला कीं गप्प कसा बसतो?” मोठ्या माणसाला वाटतें, दुखणें म्हणजे रडणें. ज्या मुलाला महिन्या-दोन महिन्यांनीं दुखतें, तें रडून कंटाळलेलें असतें. तें गप्प बसायला शिकतें, भिंतीकडे तोंड करून निजायला शिकतें, आणि कोणी गोष्ट सांगूं लागला तर तिच्यांत शिरायलाहि शिकतें. यांत लबाडी नाहीं. दुखऱ्या अंगाकडून निघालेला निरोप मज्जारज्जूंतून वर जातो, आणि वाटेंत जणूं एक फाटक असतें. 1965 सालीं रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनीं ही कल्पना मांडली. ऊब, हळुवार चोळणें, गोष्ट, गाणें, भीति कमी होणें, यांनीं तें फाटक अर्धें लोटलें जातें. भीतीनें आणि अपमानानें तें सताड उघडतें. तेव्हां गोष्ट ऐकून कळ कमी झाली, तर गोष्टीनें काम केलें एवढेंच समजावें. दुखणें खोटें होतें असें समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं मुलांच्या जुनाट वेदनांसाठीं मार्गदर्शन छापलें. त्यांत औषधांच्या बरोबरीनें अंगाची हालचाल आणि मनाला धीर देण्याचे उपाय सांगितले आहेत. जुनाट म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारें किंवा पुन्हां पुन्हां उठणारें दुखणें. संधिवात, नेहमींची डोकेदुखी, सारखें पोट दुखणें, अशीं दुखणीं असलेलीं मुलें प्रत्येक शाळेंत असतात. त्यांनाहि यांतलें बरेंचसें लागू पडतें.

मग किती दुखतें तें मोजायचें कसें? परदेशांत लहान मुलांना चार चकत्या देतात आणि विचारतात, दुखण्याचे किती तुकडे आहेत? आम्हीं चकत्यांच्या जागीं चिंचोके घेतले. चार चिंचोके मुलासमोर ठेवायचे. “एक म्हणजे थोडं दुखतंय, चार म्हणजे याहून जास्त दुखूंच शकत नाहीं. तुझे किती?” पांच-सहा वर्षांचें मूलहि बरोबर उचलतें. सगळ्यांत मोठा फायदा असा कीं भाषा आडवी येत नाहीं. पहिलीचें मूल पावरी किंवा भिली बोलतें. आपण मराठींत विचारतों, तें मान हालवतें, आणि आपण लिहितों “त्रास नाही”. कळ मारतें, ठणकतें, चमकतें, यांसाठीं त्याच्या बोलींत काय शब्द आहेत, तें वरच्या वर्गांतल्या मुलाला विचारा आणि भिंतीवर लिहून ठेवा. शिक्षकाला पगारांत तेवढें जमायला हरकत नाहीं.

चिंचोके मोजले कीं वहींत तारीख घाला आणि आदल्या दिवशीं काय घडलें तें लिहा. आंघोळ गार होती का, खेळ झाला का, ताप होता का, मूल गांवाहून आलें का. दोन-तीन महिन्यांत वही बोलूं लागते. एका अधीक्षिकेनें सांगितलें कीं तिच्याकडे होळीहून परतलेल्या मुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं आडव्या होतात. रात्रभर जागरण, नाच, उघड्यावरची थंडी, आणि पाणी कमी. होळीला जाऊं नको म्हणणें मूर्खपणा आहे. सातपुड्यांत होळीहून मोठा सण नाहीं. जातांना बाटली आणि गरम कपडा बरोबर द्यावा, परतल्यावर एक दिवस विसांवा द्यावा.

पाण्याविषयीं जरा सविस्तर सांगतों, कारण इथें शिक्षकांची शिस्त आडवी येते. अंगांत पाणी कमी झालें कीं पेशी लौकर वांकतात, म्हणून अशा मुलानें दिवसभर थोडें थोडें पाणी प्यालें पाहिजे. त्यांतून या आजारांत मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवतां येत नाहीं. मूल वारंवार लघवीला जातें. वर्गांत आपण म्हणतों, आतांच गेला होतास ना? तें ऐकूं नये म्हणून मूल पाणीच पीत नाहीं. हें मीं कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलें आहे. तेव्हां दोन परवानग्या कायमच्या देऊन टाका : बाकावर बाटली ठेवायची, आणि न विचारतां उठून जायचें. रात्रीं अंथरूण भिजलें तर सकाळीं चादर चारचौघांत दाखवूं नका.

आंघोळ कोंबट पाण्याचीच. पुष्कळ वसतिगृहांत सूर्याच्या उन्हावर पाणी तापवणारा बंब छपरावर असतो, आणि तो बिघडलेला असतो, हें मला ठाऊक आहे. मग चुलीवर एक हंडा जास्त चढवा. दुखत्या जागेवर बर्फ किंवा गार पट्टी ठेवूं नका. खेळांतल्या लचकेला तें चालतें, इथें नाहीं. शेक द्या, पण मुलाचें कातडें भाजणार नाहीं असा. आधीं आपल्या मनगटावर लावून पाहा. करकचून पट्टी बांधूं नका. कुठें कुठें डाग देतात, तो देऊं देऊं नका. गोळी डॉक्टरांनीं लिहून दिली असेल तीच, तितकीच. दुकानांतली दुसरी वेदनाशामक आपल्या मनानें नको. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या वाढवणें, हें पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हायड्रॉक्सीयुरिया नांवाचें औषध रोज घेतल्यानें दुखण्याचे फेरे कमी होतात. तें दुखत नसतांनाहि घ्यावें लागतें, आणि मधून मधून रक्त तपासावें लागतें. सुटींत मूल घरीं गेलें कीं नेमकें तेंच तुटतें.

दुखणें चढत असतां श्वास लांब करायला शिकवा. बांसरी वाजवणाऱ्या मुलाला हें शिकवावेंच लागत नाहीं. नाकानें घे, आणि मोठा सूर धरल्यासारखा हळूहळू सोड. तेवढ्यांत वाळूची पुरचुंडी तापते.

आतां थांबायचें नाहीं असे प्रसंग. ताप 101 अंशांवर गेला, छातींत दुखूं लागलें, धाप लागली, पोट डाव्या बाजूला फुगलें, मूल एकाएकीं पांढरें फटक पडलें, तोंड वांकडें झालें, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणें अडखळलें, किंवा गोळी-शेक देऊनहि चिंचोके चारच राहिले, तर सकाळची वाट पाहूं नका. 108 ला फोन करा. मोठ्या मुलग्यांना लाजेनें न सांगतां येणारें एक दुखणें या आजारांत होतें; लघवीची जागा ताठ राहून तासन् तास ठणकते. पुरुष शिक्षकानें मुलग्यांना एकदां बाजूला घेऊन सांगावें कीं असें झालें तर लपवायचें नाहीं, तेंहि दवाखान्याचें काम आहे.

एवढें सगळें ऐकून एक मुख्याध्यापक म्हणाले, “मग अशा मुलाला घरींच ठेवलेलं बरं नाहीं का?” माझी जुनी चूक पुन्हां माझ्यासमोर उभी राहिली. घरीं ठेवलेल्या मुलाला दुखत नाहीं असें नाहीं. तिथें त्याला दुखतें आणि शिवाय शाळा नसते. कळ ओसरली कीं मुलाला वर्गांत आणावें, अर्धा दिवस कां होईना. उठवत नसेल तर शेजारच्या मुलानें वही अंथरुणापाशीं न्यावी. खेळ बंद करूं नये. दम लागला कीं तें आपण होऊन थांबेल, आणि थांबल्याबद्दल कोणी हंसूं नये, एवढें पाहावें. नाचांत, गोष्टींत, सहलींत त्याचें नांव आधीं घालावें. प्रार्थनेच्या वेळीं सर्वांसमोर “हा आजारी आहे” असें मात्र सांगूं नये. वाहकांची यादी फळ्यावर लावणें हा तर अपराध समजावा. त्या यादीवरून पुढें मुलींचीं लग्नें अडतात.

कायद्यानेंहि आतां या मुलांना आधार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यांत सिकलसेलचा समावेश झाला. प्रमाणपत्र काढलें असेल तर परीक्षेच्या सवलतीसाठीं अर्ज करतां येतो. 1 जुलै 2023 रोजीं मध्य प्रदेशांत शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान सुरू झालें. 2047 पर्यंतचा पल्ला आहे, आणि 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यांत धरली आहे. आपला नंदुरबार जिल्हाहि 1 जुलैलाच, 1998 सालीं, धुळ्यांतून वेगळा झाला. हा नुसता योगायोग, पण तारीख लक्षांत राहायला बरी.

आई-बापांनो, तुम्हांला एवढेंच सांगणें. मुलाला वसतिगृहांत सोडतां तेव्हां त्याचें तपासणीचें कार्ड अधीक्षकांच्या हातांत द्या. मुलाला काढून टाकतील या भीतीनें लपवूं नका. आणि “बरा झाला कीं आणा” असें कोणी गुरुजी म्हणाला, तर त्याला तिथेंच विचारा, “म्हणजे कधीं? तारीख सांगा.” त्या बापानें मला असें विचारलें असतें, तर मला उत्तर शोधावें लागलें असतें.

लोणखेड्याच्या त्या बैठकींत शेवटीं स्वयंपाकघरांतल्या एका मावशीनें विचारलें, “गुरुजी, वही वही म्हणतां. मला लिहितां येत नाहीं. रात्रीं पोरांपाशीं तर मीच असतें.” आम्ही शिकवणारे गप्प झालों. मग तिनेंच वाट काढली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या त्या तारखेला चुलींतल्या कोळशानें ठिपके काढायचे. जितके चिंचोके तितके ठिपके. दोन महिन्यांनीं मी तिच्या शाळेंत गेलों, तेव्हां दिनदर्शिका स्वयंपाकघरांत लटकत होती. एका मुलीच्या नांवाचे ठिपके दर सोमवारीं पडलेले. रविवारीं मुली नदीवर कपडे धुवायला जात आणि तास-दोन तास गार पाण्यांत उभ्या राहत. आतां त्या मुलीचे कपडे वर नळावर धुतात, आणि ती काठावर बसून इतरांचे वाळत घालते.